घरी पिल्लं काढायची आहेत? मग अंडी सगळ्यांत शेवटी आणा

बारा अंडी ठेवली, सात पिल्लं निघाली आणि महिन्याभरात हाती दोन-तीन उरली. बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून चिकोडी-निपाणीपर्यंत घरोघरी ऐकू येणारी ही तक्रार. दोष बहुतेक वेळा अंड्यांचा किंवा कोंबडीचा नसतो, कामाच्या क्रमाचा असतो. आधी अंडी येतात, मग उबवणीच्या पेटीची शोधाशोध होते, आणि पिल्लं चिवचिवायला लागल्यावर बल्ब, खाद्य, लस यांची पळापळ सुरू होते. तोवर सगळ्यांत नाजूक पहिले दोन दिवस निघून गेलेले असतात.

खालचा क्रम वीस-पंचवीस पिल्लांच्या घरगुती खेपेसाठी आहे. जवारी (गावठी) कोंबडीखाली काढा नाहीतर थर्मोकोलच्या पेटीत, पहिले तीन टप्पे दोघांनाही सारखेच.

## टप्पा १: महिना ठरवा

आपल्या भागात अंडी ठेवायला दिवाळीच्या सुमारापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. हवा कोरडी असते, अंडी टिकतात, आणि थंडीला बल्ब हा सोपा उपाय आहे.

जून ते ऑगस्ट शक्यतो टाळा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर टाळाच. तिथल्या पावसात पिल्लं थंडीपेक्षा ओलाव्यानं जास्त मरतात. तूस वाळत नाही, खाद्याला बुरशी येते, रक्ती हगवण सुटते. उलट अथणी-रायबागच्या बाजूला एप्रिल-मे अवघड. खोलीत ठेवलेल्या अंड्यात उष्म्यानं अर्धवट वाढ सुरू होते आणि उबवायला ठेवण्याआधीच गर्भ मरतो.

जत्रेच्या हिशेबानं कोंबडे तयार करायचे असतील तर मागे मोजत या. परड्यात चरणारा जवारी कोंबडा कापण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात, त्याआधी उबवणीचे २१ दिवस.

## टप्पा २: अंड्यांआधी पिल्लांचं घर

बहुतेक लोक नेमका हाच टप्पा शेवटी करतात.

कडं. जाड पुठ्ठा किंवा पातळ पत्रा घ्या, उंची दीड फूट. त्याचं गोल कडं करा आणि टोकं एकमेकांवर घेऊन क्लिपांनी अडकवा, म्हणजे नंतर वाढवता येतं. पंचवीस पिल्लांना सुरुवातीला तीन फूट व्यासाचं कडं पुरतं, तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते चार फूट करायचं. चौकोनी खोकं वापरायचंच असेल तर कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून बसवा. पिल्लं घाबरली किंवा गारठली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

बिछाना. कोरडा भाताचा तूस, दोन इंच. खानापूर भागात राइस मिलवर सहज मिळतो. हातात घेऊन नाकाशी धरा. कुबट वास आला तर तो पोतं भरून फुकट मिळाला तरी नको. लाकडाचा बारीक भुसा पहिल्या आठवड्यात वापरू नका, पिल्लं तो खातात.

ऊब. पिवळा, तारेचा जुन्या पद्धतीचा बल्ब. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. दरवर्षी यात कुणी ना कुणी फसतं. हिशेब पिल्लामागे दोन वॅट, म्हणजे पंचवीस पिल्लांना ६० वॅटचा एक किंवा ४० वॅटचे दोन. दोन घेतलेले बरे, रात्री एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. बल्ब तुसापासून दीड फूट उंच टांगा. तो विजेच्या वायरला लोंबकळत ठेवू नका, वेगळी तार किंवा साखळी बांधून तिला अडकवा. बल्ब तुसात पडला तर आग लागते.

भांडी. लिटरभर पाण्याची उलटी भांडी दोन, उथळ ताटल्या दोन.

खाद्य. चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य), चार आठवड्यांना पिल्लामागे साधारण ६०० ग्रॅम. पंचवीस पिल्लांना १५ किलो. एकदम दोन पोती घेऊन ठेवण्यात अर्थ नाही, शिळं खाद्य पिल्लांना बाधतं.

लस. जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात (पाटीवर कन्नडमध्ये ‘पशु आस्पत्रे’ लिहिलेलं असतं) आत्ताच विचारून या: मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी येते, कुपी किती डोसांची असते. कुपी निदान शंभर डोसांची निघते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या तीन-चार घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं काढली तर सगळ्यांचंच भागतं.

> तपासणी: कड्याच्या मधोमध, तुसापासून दोन इंचांवर थर्मामीटर ठेवून बल्ब रात्रभर चालू ठेवा. पहाटे चार-पाचला, म्हणजे सगळ्यांत गार वेळी, ३३ ते ३५ अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर अंडी आणायची वेळ अजून आलेली नाही.

## टप्पा ३: अंडी निवडणं आणि साठवणं

दुकानातलं पांढरं अंडं कितीही उबवलं तरी त्यातून पिल्लू निघत नाही. त्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतोच. ‘जवारी’ म्हणून विकलं जाणारं अंडंही कुठलं ते विचारून घ्या. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा हवा, आणि तो कळपात येऊन निदान दहा दिवस झालेले हवेत.

गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची अंडी उबवली तर पिल्लं निघतात, पण पुढच्या पिढीत आई-बापाचे गुण सारखे उतरत नाहीत. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाहीत. त्या जाती हव्या असतील तर एक दिवसाची पिल्लं विकत घ्या आणि सरळ टप्पा ८ वर या.

निवडताना:

- मध्यम आकार. फार लहान, फार मोठं, गोल गरगरीत किंवा वाकडं अंडं खायला ठेवा.
- दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवा. तडा असेल तर आवाज बद्द येतो.
- शिट लागलेलं अंडं नको. ते धुऊन वापरणं आणखी वाईट, कारण कवचावरचा नैसर्गिक थर निघून जातो आणि छिद्रांतून जंतू आत शिरतात. किरकोळ डाग कोरड्या फडक्यानं पुसा.

साठवताना निमुळतं टोक खाली. फ्रिजमध्ये नाही. १५ ते १८ अंश ही चांगली जागा, पण घरात ती मिळत नाही. उन्हाळ्यात मोठ्या पाटीत ओली वाळू भरून तिच्यात माठ अर्धा पुरा, माठात कोरडा पेंढा घालून अंडी ठेवा, तोंडावर सुती फडकं बांधा. वाळू रोज भिजवायची, माठाच्या आत पाणी जाऊ द्यायचं नाही. थंडीत सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात, कडक उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी नकोत. दहा दिवसांच्या पुढची अंडी ठेवणं म्हणजे पेटीतली जागा अडवणं.

गावाहून गाडीवरून आणलेली अंडी लगेच उबवायला ठेवू नका. निमुळतं टोक खाली करून रात्रभर स्थिर राहू द्या. धक्क्यानं हललेला आतला हवेचा कप्पा तेवढ्यात जागेवर येतो.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख लिहा, एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा. मार्कर नको.

## टप्पा ४: खुडूक कोंबडीखाली

एखादी कोंबडी दिवसभर खोक्यात बसली म्हणून ती खुडूक झाली असं नाही. दोन रात्री जागेवरून न हलणारी, हात नेला की पिसं फुगवून घुर्र करणारी, पोटाखालची पिसं झडलेली कोंबडी खरी. तिला आधी दोन दिवस साध्या, खायच्या अंड्यांवर बसवून पाहा.

बांबूची बुट्टी घ्या. तळाला दोन इंच वाळू किंवा चाळलेली राख, वर मऊ पेंढा, मध्ये किंचित खोलगट. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. निपाणी भागात काही जण उवांसाठी तंबाखूची भुकटी टाकतात. ती टाळा. पिल्लांच्या डोळ्यांना आणि श्वासाला झोंबते, आणि तंबाखू हे विषच आहे. कोंबडीच्या अंगावर उवा, पिसवा असतील तर बसवण्याआधीच बंदोबस्त करा. चावणाऱ्या उवांना कंटाळून कोंबडी अंडी सोडून उठते, आणि घरचे म्हणतात कोंबडीच वाईट.

अंडी रात्री ठेवा. मध्यम जवारी कोंबडीला दहा ते बारा, थंडी-पावसात आठ ते दहा. पंखाबाहेर एक अंडं दिसलं तरी ती संख्या जास्त झाली. बाहेरचं अंडं रोज बदलतं, त्यामुळे एकाऐवजी चार-पाच अंडी गारठून जातात.

जागा अंधारी, शांत आणि इतर कोंबड्यांपासून वेगळी हवी. दुसऱ्या कोंबड्या त्याच बुट्टीत ताजी अंडी घालून जातात. पेन्सिलीची खूण असेल तर ती रोज ओळखून काढता येतात.

दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं कोंबडी उठली पाहिजे. समोर अख्खा मका किंवा जोंधळा, पाणी आणि लोळायला राख-माती ठेवा. जी आपणहून उठत नाही तिला उचलून खाली ठेवा, पण आधी पंखाखाली हात घालून अंडं अडकलेलं नाही ना ते पाहा. २१ दिवस न खाता बसलेली कोंबडी पिल्लांसोबत फिरायला लागते आणि तिथंच ढेपाळते.

पेटीतून काढलेली किंवा विकत आणलेली पिल्लंही अशा कोंबडीला देता येतात. ती निदान दोन आठवडे बसलेली हवी आणि पिल्लं तीन दिवसांच्या आतली हवीत. रात्री अंधारात एकेक पिल्लू पंखाखाली सरकवा आणि रिकामी अंडी काढून घ्या. पहाटे शेजारी थांबून पाहा. टोचत असेल तर लगेच वेगळी करा.

## टप्पा ५: पेटीत

बाजारातली छोटी पेटी असो की घरी थर्मोकोलच्या खोक्यात थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे बल्ब चालू-बंद करणारं उपकरण), बल्ब आणि कॉम्प्युटरचा पंखा बसवून केलेली असो, आकडे तेच.

| | पहिले १८ दिवस | शेवटचे ३ दिवस |
|---|---|---|
| तापमान (पंखा असलेली पेटी) | ३७.५ ते ३७.७ अंश | ३७.२ ते ३७.५ अंश |
| हवेतला ओलावा | ५० ते ५५ टक्के | ६५ ते ७० टक्के |
| अंडी फिरवणं | रोज ३ किंवा ५ वेळा | बंद |

पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५ च्या आसपास ठेवा, कारण वर आणि खाली तापमान वेगळं असतं.

आधी थर्मामीटर तपासा. थर्मोस्टॅटचा आकडा अर्धा-एक अंश चुकणं नेहमीचं आहे, आणि एवढ्या चुकीनं अख्खी खेप जाते. पेल्यात साधारण ३८ अंशांचं कोमट पाणी घ्या. ताप मोजायचा डॉक्टरी थर्मामीटर आणि पेटीचा सेन्सर शेजारी-शेजारी बुडवा, ढवळत दोन मिनिटं थांबा. जो फरक दिसेल तो लिहून ठेवा आणि पेटी तेवढी वर-खाली लावा. ओलावामापकासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं पाणी घालून त्याचा घट्ट लगदा करा. तो लगदा आणि मापक एका हवाबंद डब्यात बारा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८० आला तर तुमचा मापक पाचनं जास्त दाखवतो.

अंडी घालण्याआधी पेटी चोवीस तास रिकामी चालवा. मगच अंडी आत, आडवी. घातल्यावर आकडा खाली येतो आणि काही तासांनी आपोआप वर चढतो. तो खाली दिसला म्हणून थर्मोस्टॅट पिरगाळू नका. रात्रीतून पेटी तापलेली असते.

ओलावा पाण्याच्या खोलीवर नाही, पसरटपणावर ठरतो. वाढवायचा असेल तर रुंद ताटली ठेवा, पाणी कोमट घाला. पावसाळ्यात पेटी लावलीच असेल तर पहिले १८ दिवस पाणी घालायची गरजच नसते, बाहेरची हवाच ओली असते. मार्च-एप्रिलमध्ये अथणीकडे तीच पेटी दोन ताटल्या मागते. एकाची रीत दुसऱ्या तालुक्यात जशीच्या तशी उचलली की घोळ होतो.

ओलावा बरोबर आहे का, हे वजनावरून पक्कं कळतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दहा अंडी एकत्र मोजा. ५०० ग्रॅम भरली असतील तर १८ व्या दिवशी तीच अंडी ४३५ ते ४४० ग्रॅम भरावीत. जास्त भरली तर ओलावा जास्त होता, कमी भरली तर कमी. मधे रिकामं अंडं काढलं असेल तर त्याचं वजन पहिल्या आकड्यातून वजा करायला विसरू नका.

फिरवणं. आज फुली वर, पुढच्या वेळी गोल वर. विषम वेळा फिरवायचं, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज वेगवेगळ्या बाजूला येते. फिरवलं नाही तर गर्भ कवचाला चिकटतो.

करंट गेला तर पेटी उघडू नका. पहिल्या दोन आठवड्यांत घोंगडं पांघरा, दोन-तीन तासांनी फारसं बिघडत नाही. त्याहून जास्त वेळ गेला तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा. शेवटच्या आठवड्यात मात्र हवेची भोकं मोकळी राहिली पाहिजेत, कारण गर्भ मोठा झालेला असतो, त्याला हवा लागते आणि तो स्वतःही उष्णता सोडतो. गारव्यापेक्षा जास्त तापणं फार वाईट. काही तास ३० अंशांवर गेलेली अंडी वाचतात, ४०.५ च्या वर गेलेली सहसा नाही.

> इशारा: पेटी उन्हाची तिरीप येणाऱ्या खिडकीपाशी किंवा चुलीजवळ ठेवू नका. थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, सूर्य नाही.

## टप्पा ६: अंडी उजेडावर पाहणं

सातव्या आणि चौदाव्या दिवशी रात्री, अंधाऱ्या खोलीत. मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरून अंड्याचं रुंद टोक तिच्यावर टेकवा.

- कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका: जिवंत.
- सगळं स्वच्छ पिवळं: कोंबडा लागलेलाच नाही. काढा.
- लाल कडं, शिरा नाहीत: गर्भ सुरुवातीलाच मेला. काढा.
- चौदाव्या दिवशी रुंद टोकाला हवेचा कप्पा आणि बाकी सगळं काळं: उत्तम.

तपकिरी कवचाचं अंडं सातव्या दिवशी नीट दिसत नाही. शंका असेल तर ठेवा, दहाव्या दिवशी पुन्हा पाहा. वास येणारं किंवा घामेजलेलं अंडं मात्र ताबडतोब बाहेर. ते फुटलं तर शेजारची सगळी नासतात.

कोंबडीखालच्या अंड्यांनाही हे लागू आहे. दोन कोंबड्या एकाच रात्री बसवल्या असतील तर सातव्या दिवशी रिकामी काढून उरलेली एकीखाली एकत्र करता येतात.

## टप्पा ७: शेवटचे तीन दिवस, हात मागे

दिवस मोजण्यात चूक होते. अंडी ठेवली तो दिवस शून्य. १ तारखेच्या संध्याकाळी ठेवली तर १९ च्या संध्याकाळी फिरवणं बंद, ओलावा वाढवायचा, आणि पिल्लं २२ च्या आसपास.

अठराव्या दिवशी अंड्यांखाली खरखरीत कापड किंवा जाळी घाला. पाणी भरून झाकण लावा. त्यानंतर उघडायचं नाही.

कवचाला पहिली चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. मधे ते तासन्‌तास काहीच करत नाही. ते अडकलेलं नसतं. बलक पोटात ओढला जात असतो, पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त आटत असतं. या वेळी कवच सोलून ‘मदत’ केली तर रक्त येतं आणि पिल्लू मरतं. आणि बघायला म्हणून झाकण उघडलं की ओलावा एकदम पडतो, पापुद्रा चामड्यासारखा आवळतो, आणि शेजारच्या अंड्यांतली पिल्लं खरोखरच अडकतात. घरातल्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा, किंवा पेटीला काचेची खिडकी करा.

निघालेली पिल्लं वाळून फुललेली दिसेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस निभावतात. बारा तासांतून एकदा झाकण उघडून वाळलेली सगळी एकदम काढा.

कोंबडीखाली वेगळी अडचण येते. पहिली चार-पाच पिल्लं हिंडू लागली की ती उरलेली अंडी टाकून उठते. वाळलेली पिल्लं उबदार खोक्यात काढून ठेवा आणि सगळी निघाल्यावर रात्री परत पंखाखाली सोडा.

२३ व्या दिवशी उरलेली अंडी फोडून पाहा. घाण वाटली तरी पुढच्या खेपेची चूक इथंच सापडते.

- पिल्लं १९-२० व्या दिवशीच निघाली, बेंबी उघडी: तापमान जास्त.
- २२-२३ पर्यंत रखडली, सुस्त: तापमान कमी.
- पूर्ण वाढलेलं, पोट सुजलेलं, कवचात पाणी: ओलावा जास्त.
- चीर पाडून कोरडं चिकटलेलं: ओलावा कमी, किंवा झाकण उघडलं.
- कवचाला एका बाजूला चिकटलेला गर्भ: फिरवणं चुकलं.

कोंबडा लागलेल्या दहा अंड्यांतून सात-आठ पिल्लं निघाली तर घरगुती पेटीला ते चांगलं आहे.

## टप्पा ८: पहिले ४८ तास

तुसावर पहिले तीन दिवस जुनं गोणपाट किंवा खरखरीत पुठ्ठा अंथरा. नुसता वर्तमानपत्राचा कागद गुळगुळीत असतो, त्यावर पाय फाकतात आणि पिल्लू जन्माचं लंगडं होतं. कागदच घालायचा असेल तर चुरगाळून घाला.

आधी पाणी, मग खाद्य. पाणी कोमट आणि उकळून गार केलेलं असावं. लांबून आणलेल्या पिल्लांसाठी पहिले सहा-आठ तास लिटरला ५० ग्रॅम गूळ किंवा साखर, नंतर साधं पाणी. दिवसभर गुळाचं पाणी ठेवलं की शिट चिकट होते. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा. भांड्यात स्वच्छ खडे टाका, नाहीतर पिल्लं आत बुडून मरतात. इंचभर पाणीही त्याला पुरतं.

पाणी पिऊन दोन-तीन तास झाले की गोणपाटावर मक्याचा बारीक भरडा किंवा स्टार्टर पसरा. दुसऱ्या दिवसापासून ताटलीत स्टार्टर.

> तपासणी: पहिल्या रात्री पाच-सहा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपा. मऊ आणि भरलेली हवी. रिकामी असेल तर ते पिल्लू पुन्हा पाण्या-खाद्यापाशी न्या. कडक लागली तर खाल्लंय पण पाणी प्यायलेलं नाही.

शेपटीखाली शिट वाळून बसली तर कोमट पाण्याच्या कापसानं भिजवून काढा. ओढू नका. तशीच राहिली तर पिल्लू दोन दिवसांत जातं.

## टप्पा ९: चार आठवडे ऊब आणि कोरडेपणा

पहिल्या आठवड्यात ३५ ते ३३ अंश, दुसऱ्यात ३२ ते ३०, तिसऱ्यात २९ ते २७, चौथ्यात २६ ते २४. बल्ब चार-चार बोटं वर घेत जा.

पण थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात. बल्बाखाली गच्च गोळा करून ओरडत असतील तर गारठा. कड्याला चिकटून चोच उघडी, पंख सैल असतील तर उष्मा. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसरीकडून वारं लागतंय. कड्यात विखुरलेली, काही खाताहेत, काही पसरून झोपलीत, हे बरोबर. पाहायची वेळ रात्री अकरा आणि पहाटे चार. दुपारी सगळं ठीकच दिसतं. बेळगावातल्या डिसेंबरच्या पहाटेला दुपारच्या अंदाजावर लावलेला बल्ब पुरत नाही.

> इशारा: करंट नाही म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या धुरात न दिसणारा विषारी वायू असतो. पिल्लंच काय, त्या खोलीत झोपलेली माणसंही जातात. गरम पाण्याचे कॅन फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवा.

पोत्यांनी खोली गच्च बंद करणं हीसुद्धा चूकच. खाली वारं नको, वर हवा खेळती हवी. आत गेल्यावर डोळे चुरचुरले तर पिल्लांना तोच त्रास दिवसभर होतोय.

तूस रोज हातानं वर-खाली करा. मूठभर घेऊन आवळा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर तूस ओला आहे, लगेच काढून कोरडा घाला. सगळ्यांत आधी पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला होतो, म्हणून भांडं विटेवर ठेवा. वरची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला यावी.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ओल्या तुसातूनच रक्ती हगवण येते. शिटेत रक्त, पिल्लू पिसं फुगवून उभं. त्याच दिवशी तूस बदला आणि पशुवैद्याला विचारून पाण्यातून औषध सुरू करा. दोन दिवस वाट पाहिली तर निम्मी जातात.

खाद्य. पहिल्या आठवड्यात पिल्लामागे रोज साधारण १० ग्रॅम, चौथ्यात ३० च्या पुढे. निदान चार आठवडे तयार स्टार्टरच द्या. त्यानंतर घरी करायचं असेल तर १० किलोला: मक्याचा भरडा ५.२५ किलो, सोया पेंड ३ किलो, राइस पॉलिश १.५ किलो, कोंबड्यांचं खनिज मिश्रण २५० ग्रॅम. याची प्रथिनं सुमारे २० टक्के भरतात. जीवनसत्त्वांची भुकटी पाकिटावरच्या मापानं मिसळा. शेंगदाणा पेंड पावसाळ्यात वापरू नका, तिला बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचं विष यकृतावर जातं.

नुसत्या तांदळाच्या कण्यांवर पिल्लं जगतात, वाढत नाहीत. पंख लोंबतात आणि पुढे एक साधी सर्दी सगळी घेऊन जाते. अंड्यांवरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्यही पिल्लांना नको. त्यातला जास्तीचा चुना त्यांची मूत्रपिंडं बिघडवतो.

## टप्पा १०: लसी

| वय | लस | कशी |
|---|---|---|
| ५ ते ७ दिवस | मानमोडी (लासोटा किंवा एफ) | डोळ्यात किंवा नाकात एक थेंब |
| १४ दिवस | गंबोरो | डोळ्यात थेंब किंवा पाण्यातून |
| २८ दिवस | मानमोडी, लासोटा दुसऱ्यांदा | पाण्यातून |
| ६ ते ७ आठवडे | देवी | पंखाच्या पडद्यात टोचून |
| ८ आठवडे | मानमोडी, आर-२-बी | कातडीखाली अर्धा मिलि |

विकत घेतलेल्या पिल्लांना मरेक्सची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात दिलेली असते. तसं विचारून घ्या.

कुपी दवाखान्यातून घरापर्यंत थर्मासमध्ये बर्फावरच आली पाहिजे. शर्टाच्या खिशातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. थेंब डोळ्यात आत शिरेपर्यंत पिल्लू सोडू नका. पाण्यातून देताना नळाचं क्लोरीनचं पाणी नको. बोअरचं किंवा उकळून गार केलेलं घ्या, लिटरला ५ ग्रॅम साय नसलेली दूध पावडर मिसळा, आणि त्याआधी दोन तास पिल्लांचं पाणी काढून ठेवा. आजारी पिल्लांना लस देऊ नका.

मानमोडी आल्यावर लस उपयोगाची नाही. मान पिरगळलेलं, हिरवी शिट करणारं पिल्लू दिसलं तर बाकीची वेगळी करा, मेलेलं खोल पुरून वर चुना टाका, आणि दवाखान्याला कळवा. १९६२ या नंबरावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं.

## टप्पा ११: परड्यात सोडणं

थंडी-पावसात पाचवा आठवडा, उन्हाळ्यात चौथा. आधी तीन-चार दिवस बल्ब दिवसा बंद, मग रात्रीही बंद करून पाहा. पिसं पूर्ण आल्याशिवाय बाहेर नको.

पहिला आठवडा ऊन वर आल्यावर दोन-तीन तास, डालग्याखाली किंवा जाळीत. सकाळच्या दवात सोडू नका. कोंबडीसोबतची पिल्लंही पहिले पंधरा दिवस ओल्या गवतात जाऊ देऊ नका. तिचे पंख त्यांना रात्री ऊब देतात, पण दिवसभर भिजून आलेल्या पिल्लाला तेवढं पुरत नाही.

घार आणि कावळा वरून येतात, मांजर कुठूनही, मुंगूस आणि घूस खालून. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, ती जमिनीत फूटभर पुरा. मोठ्या भोकांच्या कोंबडी-जाळीतून साप आणि उंदीर सहज जातात.

मोठ्या कोंबड्यांत आठ आठवड्यांच्या आत मिसळू नका. त्या टोचतात, आणि स्वतः निरोगी दिसत असल्या तरी त्यांच्या शिटेतले रोग पिल्लांना लागतात. रोजचं काम करतानाही आधी पिल्लांकडे, मग मोठ्यांकडे.

कडं रिकामं झालं की तूस शेणखतात टाका. पुठ्ठा जाळा, पत्रा असेल तर धुऊन उन्हात वाळवा. भांडी घासून उन्हात ठेवा, जमिनीवर चुना फिरवा. मधे दोन आठवडे जागा कोरडी आणि रिकामी ठेवूनच पुढच्या अंड्यांना हात लावा.